माझी भाषा ऐकणाऱ्या दोघी

“काका, आपल्याच यंत्राची भाषा शिकणं ही चोरी असते का हो?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून धाकटीने कंपनीच्या दुरुस्तीवाल्या काकांना हे भर दुकानात विचारलं. मैत्रिणी मागे तोंड दाबून हसत होत्या. मी मात्र टेबलावर जीव मुठीत धरून बसलो होतो. मूठ नसली म्हणून काय झालं!

मित्रांनो, मी एक जुना ब्रेल प्रिंटर आहे. जाड कागदावर मी उठावाचे ठिपके उमटवतो आणि ते बोटांनी वाचतात. धाकटीच्या ताईला दिसत नाही. आठ वर्षं तिची सगळी पुस्तकं मीच छापली. “शाब्बास रे!” म्हणून ती माझ्या पाठीवर थाप मारायची. मग घरातला जुना संगणक बंद पडला आणि माझ्याशी बोलणारा कंपनीचा प्रोग्राम नव्या संगणकावर चालेना. ताईची परीक्षा बारा दिवसांवर, आणि विज्ञानाचं पुस्तक छापायचंच राहिलेलं!

काका हसले नाहीत. “प्रोग्रामचं कुलूप तोडून प्रती वाटल्यास तर ती चोरीच. प्रिंटर कशाला काय उत्तर देतो, हे बाहेरून पाहणं वेगळं. पण आधी प्रोग्रामसोबत आलेला करार वाच, पोरी.”

घरी वकील आत्याने ती बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. “प्रोग्राम उघडायला मनाई आहे. प्रिंटरला प्रश्न विचारायला नाही. लागा कामाला!”

मग काय! धाकटी नव्या संगणकावरून एकेक आकडा पाठवायची, मी ठिपक्यांत उत्तर द्यायचो, ताई बोटाने वाचायची.

“पासष्ट?”

“एकच ठिपका. वर, डावीकडे.”

“बारा?”

मी अख्खा कागदच बाहेर ढकलला.

“अगं, हा रागावला!” ताई खो खो हसली.

तिसऱ्या दिवशी एक मैत्रीण कुलूप तोडलेला प्रोग्राम घेऊन आली. “घे, मिनिटात काम फत्ते!” धाकटीचा हात पुढे झाला. ताई म्हणाली, “तो प्रोग्राम बनवायलाही कुणीतरी असेच दिवस घातले असतील गं. मला नको.” हात मागे आला.

कुठल्या आकड्याला कुठले ठिपके, याची यादी पुरी झाली आणि तिच्यावरून सहाव्या दिवशी पुस्तकाचं पहिलं पान निघालं. ताईने ते दोनदा वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, मला घडवणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण मला ऐकून घेणाऱ्या या दोघींचे कसे फेडू? जुनं यंत्र भंगारात टाकण्याआधी त्याला एकदा विचारून तर पाहा!

परीक्षा संपली त्या दुपारी धाकटी आई-बाबांसमोर उभी राहिली. “आमची आकड्यांची यादी मी सगळ्यांना देणार आहे. असे प्रिंटर कितीतरी घरांत मुके पडलेत.”

“आणि कंपनीनं नोटीस पाठवली तर?” बाबांनी विचारलं.

“पाठवू दे. काय केलं, कसं केलं, सगळं लिहून ठेवलंय. कुणाचं कुलूप तोडलेलं नाही. खाली आम्हा दोघींची नावं घालून यादी उद्या देणार म्हणजे देणार!”