तीन बोटं

"त्या खुंटीला हात लावशील तर मनगट मोडीन!" ईनॉक थ्वेट गरजला, तसा संघाच्या खोलीत नवा गडी लिस्टर कोट पोटाशी धरून उभाच राहिला.

"कुणाची आहे, काका?"

"एझ्राची."

एझ्राला जाऊन आठ वर्षं झाली होती. क्रॅगलीच्या तेरा जणांच्या रग्बी संघात तो स्क्रमच्या, म्हणजे खांदे भिडवून रेटणाऱ्या घोळक्याच्या, पुढच्या रांगेत मधोमध असायचा, डावा हात ईनॉकच्या पाठीवर. त्या हाताला बोटं तीनच. दोन कोळशाच्या गाडीनं खाल्लेली. पण ती तीन अशी रुतायची, की ईनॉकची बायको म्हणे, "लग्न माझ्याशी लावलंस की त्याच्याशी?"

तेव्हा नियमच होता: आठवडाभर खाणीत हजेरी नाही, तर शनिवारी मैदानात पाय नाही. एका शुक्रवारी ईनॉकचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. "तू शेकत बस. तुझी पाळी मी भरतो," म्हणून एझ्रा त्याचा हजेरीचा पितळी बिल्ला घेऊन खाली उतरला. बिल्लेवाला म्हातारा संघाचा भक्त. त्यानं डोळा मारला. दुपारी खाणीचं छत एझ्रावर कोसळलं. संघावर बालंट नको म्हणून म्हाताऱ्यानं ईनॉकच्या बिल्ल्याजागी गुपचूप एझ्राचा ठेवला, आणि ईनॉकनं जीभ गिळली.

आज ईनॉकचा शेवटचा सामना. दहाव्या मिनिटाला, आता एझ्राच्या जागी मधोमध असलेल्या लिस्टरचा डावा खांदा निखळला. पठ्ठ्या हात छातीशी बांधून खेळत राहिला. पुढच्याच स्क्रममध्ये ईनॉकच्या पाठीत तीन बोटं रुतली. आता हसायचं त्यानं खुशाल हसावं. आठ वर्षं ही पकड तो मधल्या गड्याच्या माथी मारत आला होता. आज माथी मारायला हातच नव्हता.

संघाच्या जर्सी एझ्राची विधवा केझिया धुवायची. सोमवारी सकाळी ईनॉक आपली जर्सी घेऊन स्वतः तिच्या दारात गेला.

"वहिनी, त्या दिवशीची पाळी माझी होती. एझ्रा माझ्या नावानं उतरला."

केझियानं जर्सी उलटवली. पांढऱ्या पाठीवर कोळशाची तीन बोटं.

"दर सोमवारी असतात," ती म्हणाली. "आठ वर्षं धुतेय. हात कुणाचा, ते पहिल्याच दिवशी ओळखलं. तुझ्याच पाठीवर का, तेवढं कळत नव्हतं."

"वहिनी..."

"त्या नव्या पोराला खुंटीला टांगू दे रे कोट."

तिनं साबण फळीवर ठेवून दिला. बाहेर दोरीवर बारा जर्सी फडफडत होत्या. तेरावी तिनं तशीच घडी घालून मांडीवर घेतली.