धारगळचा पार आलाच नाही

माझ्या हातात देव आहे असं आमच्या हळर्ण गावात लोक म्हणायचे, आणि मी मूर्ख ते खरं धरून बसलो होतो. पखवाज मी सणावारीच काढायचो. ज्याला येत नाही त्याने रियाज करावा, हे माझं मत. शिष्यांना मात्र तोंडाने रोज बसा म्हणून सांगायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

धाकू माझा शिष्य. तिशीचा बाप्या, चिरेखाणीवर दगड काढायचा. सहा वर्षं रोज पहाटे पाचला, खाणीवर जायच्या आधी तासभर वाजवायचा. काय वाजवायचा? भजनी ठेका. आठ मात्रा, पुन्हा त्याच आठ मात्रा. शेजारी म्हणायचे, “आमचो कोंबो हल्लीं साद घालिना, धाकू आसा न्ही!” मीही हसायचो. सप्ताहाच्या समाप्तीच्या आदल्या दिवशी तो काहीतरी नवीन शिकवा म्हणून आला. मी सरळ सांगितलं, “धाकू, हे दगड फोडायचे हात. इतकी वर्षं गाढवापुढे गीता वाचली, आता बस्स. उद्यापासून येऊ नको.” तो खाली मान घालून गेला.

साल शहाऐंशी, डिसेंबर महिना. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, याचं आंदोलन पेटलेलं. घरात कोकणी बोलणारे आणि देवळात मराठी अभंग म्हणणारे आम्हीच, पण गावात दोन तट पडले होते. आमच्या देवळाचा सप्ताह अखंड. प्रत्येक गावाचा तीन तासांचा पार, म्हणजे पाळी. पुढच्या पाराचा पखवाज सुरू झाल्याशिवाय आधीच्याने हात काढायचा नाही. पखवाज थांबला तर सप्ताह मोडला. आणि त्या वर्षी मोडला असता, तर ‘तुमच्यामुळे मोडला’ म्हणत दोन्ही तट एकमेकांच्या उरावर बसले असते. देवळामागे काठ्या आणून ठेवलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

आमचा पार सकाळी सहा ते नऊ. नऊ ते बारा धारगळचा, मग आरती आणि समाप्ती. पावणेनऊला एक सायकलवाला धापा टाकत आला. धारगळला हमरस्त्यावर झाडं तोडून टाकली होती, एक गाडी सुटत नव्हती. धारगळचे लोक येणार नव्हते. आधीचे पार वाजवून गेलेले पखवाजीही केव्हाच आपापल्या गावी पोचले असणार.

देवस्थानाचा अध्यक्ष कृष्णनाथ माझ्या कानाशी वाकला. “मास्तर, बारा मेरेन ओढशात?”

“त्यात काय! बारापर्यंत ओढतो,” मी म्हटलं.

कसलं काय! साडेनऊला उजवा अंगठा तळव्यात वळला. उलगडायला गेलो तर कळ थेट कोपरापर्यंत. चार बोटांनी वाजवू लागलो. मग मनगट धरलं. दिवाळीपासून पखवाजाला हात लावला नव्हता, तो सगळा आळस त्या एका घटकेत वसूल व्हायला लागला. ठेका ओढला जाऊ लागला, टाळवाले माझ्याकडे बघू लागले. दोन्ही तटांची माणसं उठून उभी राहिली. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

टाळवाल्यांतून धाकू उठला आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

“मास्तर, सोडा.”

“तुका जमचें ना.”

“सोडा म्हणून सांगतां न्ही!”

सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्यावर आवाज चढवला. माझ्या हाताशेजारी त्याने हात टेकला. एक आवर्तन आमचे दोन हात एकाच पुडीवर. मी उजवा काढला, मग डावा. ठेका तुटला नाही.

खोटं कशाला बोलू? क्षणभर मनात आलं, पडू दे याला. मग स्वतःचीच भीती वाटली. मी पाण्याची वाटी घेऊन त्याच्या डाव्या बाजूला बसलो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापलेली कणीक वाळत होती, आवाज घुमता राहावा म्हणून तिला मधूनमधून पाण्याचं बोट लावत राहिलो. एवढंच मला जमण्यासारखं होतं.

दहा वाजले. अकरा वाजले. गाणाऱ्यांचे आवाज बसले, टाळ तीनदा हातोहात बदलले. धाकूने एक तुकडा घेतला नाही, एक बोल सजवला नाही. तोच ठेका, त्याच चालीत. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. उभी राहिलेली माणसं एकेक करून खाली बसली. कोण कुठल्या तटाचा शेजारी बसलाय हे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

बाराला आरती झाली. कृष्णनाथाने मानाचा नारळ माझ्या हातात दिला. “गुरूचो मान! शिष्य करचो जाल्यार असो!”

शिष्य तयार करावा तर असा, म्हणून लोकांनीही टाळ्या वाजवल्या. घेऊन गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं?

“मी नाही याला तयार केला,” मी म्हटलं. “मी कालच याला हाकलला. हे याने घरी बसून रोज केलेलं आहे.”

नारळ मी धाकूपुढे धरला, पण त्याची बोटं मिटेचनात. तेव्हा त्याच्या घरापर्यंत मीच नारळ घेऊन त्याच्या मागून चाललो. लोक बघत होते, बघू देत.

दारात तो थांबला. “मास्तर, मागीर फाल्यां येवं नको न्ही?” टोमणा नव्हता तो. उद्या यायचं की नाही, खरंच विचारत होता.

मला रडू आलं. “येऊ नको. पाचला मीच येतो. तुझ्याबरोबर तोच ठेका धरतो.”

“पांच म्हळ्यार पांच हां, मास्तर,” धाकू म्हणाला. “मागीर म्हाका खाणीर वचचें आसता.”