उजवी बाजू दादाची

मित्रांनो, माळ्यावर मोडक्या कूलरला टेकून चार वर्षं काढलेली एक ढोलकी तुमच्याशी बोलते आहे. आवाज चढला तर सांभाळून घ्या, कालपासून मला राहवतच नाही.

माझं खोड आंब्याचं, जन्म कल्याणचा. मानपाड्याच्या चाळीत आले ती आबांच्या भीमगीत पार्टीसाठी. आबांचे मुलगे रवींद्र आणि सिद्धेश माझ्यावरच शिकले. ते मला दोन्हीकडून बडवत आणि लोक वाहवा करत. कौतुकाची माझी कल्पना तेव्हापासून तशीच आहे.

रवींद्रला कायम नोकरी लागली, त्याने वाजवणं सोडलं. मग त्याने धाकट्याचंही भलं करायचं ठरवलं आणि हट्टाने त्याला कारखान्यात प्रेस मशीनवर लावलं. आठव्या महिन्यात मशीनने सिद्धेशच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली. मी माळ्यावर गेले. भाऊ एकाच खोलीत राहिले, बोलणं मात्र बंद. "काकाला सांग, पंखा बंद कर," असा कारभार रवींद्रच्या मुलीमार्फत, मृणालमार्फत चाले. पंखा तिघांच्या डोक्यावर एकच होता.

मृणाल एम.ए. करते. काल दुपारी ती सेमिनारचा निबंध मोठ्याने वाचत होती: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या कथांमधले भाऊ, सोसणं आणि संगीत. तिथली माणसं जे बोलू शकत नाहीत ते वाजवतात, आणि तेव्हा कुठे घरचे नीट ऐकतात, असं काहीसं.

चहा पिता पिता रवींद्र म्हणाला, एवढ्या लांबच्या लोकांना आपल्या घरातलं कळलं कसं. मृणालने स्टूल लावलं, मला खाली काढलं, पुसलं, दोऱ्या ताणल्या आणि सरळ काकाच्या मांडीवर ठेवलं.

सिद्धेशने डावा तळवा मारला. घुमले मी! उजवा हात उचलला तो हवेतच राहिला.

"दादा," तो चार वर्षांनी थेट बोलला, "उजवी बाजू तू घे."

"मला जमेल का रे?"

"नाही जमणार. बस तू."

आणि नाहीच जमलं. रवींद्र ठेका सोडून पुढे पळाला. "अरे, कारखान्याच्या गेटवर पंच कार्ड मारतोयस का?" सिद्धेशने झापलं. रवींद्र हसता हसता रडला, डोळे पुसून परत बसला. तिसऱ्या खेपेला दोघांचे हात एकाच माणसाचे वाटले. शेजारी दारात जमले.

मित्रांनो, वाद्य कापडात गुंडाळून जपू नका. ऊन दाखवा, ओल लागू देऊ नका आणि वाजवा. चुकत वाजवलंत तरी आमचं काही बिघडत नाही. बिघडतं ते वर ठेवल्याने. आता मला सोडा, रवींद्र ड्यूटीवरून आलाय, हात धुतोय.