उजवा हात

चुलीवर आलुबुखारांचा मुरंबा रटरटत होता. ओटिली लाकडी पळीने तो ढवळत होती, तेवढ्यात काउंट लेबरेष्ट आत आले. तिचे दीर, होहेनलाउटर संस्थानचे नवे धनी. पातेल्यात बोट बुडवून त्यांनी चाटलं.

"ओटिलीबाई, पोरीचं नशीब उघडलं! शेजारचे प्रिन्स एबरविन लग्नाला तयार आहेत."

बावीस वर्षांत त्यांनी तिला एकदाही वहिनी म्हटलं नव्हतं. का म्हणतील? ती पडली वनरक्षकाची मुलगी. थोरल्या काउंटांनी, म्हणजे लेबरेष्टांच्या दिवंगत भावाने, तिच्याशी लग्न केलं ते डाव्या हाताने. वेदीपुढे नवऱ्याने डावा हात पुढे केला आणि बायकोने आपला डावा त्यात दिला, की तिला ना पदवी, ना वारसा, ना त्याच्या टेबलावर ताट. मुलंही आईच्याच कुळाची. चर्चच्या भिंतीवर चौदा पिढ्यांचा वंशवृक्ष रंगवलाय. तिच्या नवऱ्याच्या नावाशेजारी नुसता चुना.

"कुठल्या हाताने?" तिने विचारलं.

काउंट हसले. "डाव्या हाताच्या पोरीला उजवा कोण देणार? आणि हे घर माझ्या मर्जीवर आहे, विसरू नका."

ते गेल्यावर रेनाटे दाराआडून पुढे आली. "आई, तू सुखी होतीस?"

"तुझे बाबा जीव लावायचे गं."

"ते नाही विचारलं मी."

ओटिलीची पळी थांबली. "त्यांच्या अंत्ययात्रेत मी स्वयंपाकिणींच्याही मागे चालले," ती म्हणाली. मुरंबा तळाला लागला, तरी तिला कळलं नाही.

रविवारी चर्च गच्च भरलं. प्रिन्सनी डावा हात पुढे केला. रेनाटेने उजवा केला आणि तसाच ठेवला.

"पोरी, दुसरा," पाद्री पुटपुटले.

"मी हाच देणार, पाद्रीबाबा."

"ओटिलीबाई!" पहिल्या बाकावरून काउंट गरजले. "समजवा कार्टीला!"

शेवटच्या बाकावरून ओटिली उठली. वेदीकडे चालू लागली. घर जाणार, हिवाळा तोंडावर, सगळं डोळ्यांपुढे आलं. लोकांना वाटलं, आता ही पोरीचा हात खाली करणार. तिने तो आपल्या उजव्या हातात घट्ट धरला.

"चल घरी."

"घर राहिलं कुठे, आई?"

"मग नुसतीच चल!"

संस्थानच्या छापील इतिहासात त्या रविवारी 'प्रिन्सची प्रकृती बिघडली' एवढंच आहे. चुना फासणाऱ्यांना दुसरं काय सुचणार म्हणा! पण वाचकहो, आज घरी गेलात की आपलीही वंशावळ काढा, आणि तिच्यात बायकांची नावं किती आहेत ते बघा.