मॅनिफोल्डचा मागचा नट

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, इंजिनात जादा हवा कोंबायला गाडीला बसवलेला सुपरचार्जर श्रावणापासून हवेऐवजी वर्षं ओढायला लागला. इंजिन बंद असलं तरी पट्टा आपला फिरतच असायचा, आणि घरातली वर्षं दाराखिडक्यांतून निघून बॉनेटखाली जायची. आधी आईचे गुडघे दुखायचे थांबले. मग टीव्ही गेला, गुळगुळीत फरशी जाऊन शहाबादी आली, परसातला शेवगा कमरेएवढा झाला. मी तक्रार केली नाही. आई जिना धावत चढतेय, यात तक्रार कसली करायची?

गणपती गेल्यावर आप्पा आले. मी सातवीत असताना वारलेले आप्पा खाकी पॅन्ट घालून फाटकातून आत शिरले, जेवणाचा डबा मडगार्डवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पन्नाशीचा, ते तिशीचे.

"नवीन मिस्त्री काय तुमी?"

"हो, मालक," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हा आवाज पुन्हा एकदा कानावर पडावा म्हणून मी काय वाट्टेल ते दिलं असतं. आता तो रोज पडत होता, आणि मला अहो-जाहो करत होता. तरी मी खूश होतो. संध्याकाळी फौंड्रीतून आले की आप्पा माझ्याशेजारी इंजिनावर वाकायचे. त्यांच्या शर्टाला तापलेल्या वाळूचा आणि विडीचा वास यायचा. तो वास मी विसरलो नव्हतो, हे मला तेव्हा कळलं.

"ह्या मॅनिफोल्डचं ओतकाम झकास हाय," एकदा त्यांनी सुपरचार्जरखालच्या, इंजिनात हवा वाटून देणाऱ्या त्या नळकांड्यावरून अंगठा फिरवला. "कुणाचं?"

"उद्यमनगरातल्याच एका माणसाचं."

"एकदा भेटवा की."

"बघतो," मी त्याच माणसाला म्हणालो.

घरात मीही होतो, लहान. आधी शाळकरी, मग रांगता, मग पाळण्यातला. एके दिवशी पाळणा माळ्यावर गेला आणि आईचं पोट पुढे आलं. ती मला ओळखेनाशी झाली. "अवो मिस्त्री, च्या टाकलाय," म्हणून कप उंबऱ्यावर ठेवायची आणि आत जायची. चहा अगदी तिच्या हातचाच होता, आलं जास्त.

मग तिचं पोट ओसरायला लागलं आणि माझ्या चपलांचे ठसे धुळीत उमटेनासे झाले. मी इतका वेळ हातावर हात ठेवून बसलो होतो, कारण आप्पा समोर होते. आता गाडी उघडण्यावाचून इलाज नव्हता.

अष्टमीला आम्ही दोघांनी सुपरचार्जर उतरवला. मी ताणपुली ढिली केली, पट्टा काढला, आप्पांनी बोल्ट सोडवले. पण वर्षं जायची थांबली नाहीत. मॅनिफोल्डचं उघडं तोंड ती आता स्वतःच ओढत होतं. मी त्यात आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. थोड्या वेळानं पाहिलं तर बोळा नव्हता आणि परसातल्या दोरीवर तेच लुगडं कोरं होऊन वाळत होतं.

अंधार पडेपर्यंत मॅनिफोल्डचे सगळे नट निघाले, मागचा खालचा एक सोडून. इंजिन आणि पत्र्याच्या मधल्या त्या फटीत साधा पाना जात नाही. त्यासाठी माझ्या लहानपणी आप्पांनी भट्टीत तापवून एक पाना वाकवला होता.

"ऱ्हाऊ द्या, उद्या बगू," आप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून 'उद्या' हा शब्द इतका गोड वाटला की मी हो म्हणालो.

उद्या खंडेनवमी होती. सकाळी आप्पांनी हत्यारं धुवायला सांगितली. लहानपणी हे माझंच काम असायचं. मी एकेक पाना रॉकेलमध्ये घासला, पुसला, पाटावर मांडला, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. तेलात मिसळलेला झेंडूचा वास आला आणि मला भरून आलं. आरती झाल्यावर माझ्या लक्षात आलं की वाकडा पानाही मी पाटावरच ठेवलाय. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. आमच्या घरात हे कुणी मोडलेलं नाही, आप्पांनी तर नाहीच. अख्खी फौंड्री त्या दिवशी गार असायची.

मी बोटांनी नट फिरवून पाहिला. बोटांची सालं निघाली.

तेवढ्यात आई दारात आली. ते कोरं लुगडं तिनं नेसलं होतं, आणि तिचं पोट जवळजवळ सपाट होतं.

"अवो," ती आप्पांना म्हणाली, "सकाळपासनं पोटात काय हललं न्हाई."

आप्पांनी तिला आत बसवलं आणि माझ्याकडे आले.

"मिस्त्री, काय भानगड हाय ही?"

"मालक, हे धूड आज उतरलं नाही तर तुमचं मूल येणार नाही."

"आनि उतरलं तर?"

"येईल. मुलगा."

"मग तुमचं तोंड का पडलंय?"

मला खोटं बोलवेना. "तो सातवीत जाईपर्यंतच तुम्ही असाल."

"आनि न्हाई उतरलं तर मी हितंच?"

"इथंच."

शेजारच्या घरात कुणीतरी घंटा वाजवत होतं. आप्पांनी विडी काढली, न पेटवता परत खिशात ठेवली.

"सातवी," ते म्हणाले. "म्हंजे पाना धराय शिकवून हुतंय."

ते पाटासमोर उकिडवे बसले. झेंडू बाजूला केला, वाकडा पाना उचलला आणि कपाळाला लावला. त्यावरचं कुंकू त्यांनी पुसलं नाही. मला थांबा म्हणावंसं वाटत होतं, आणि थांबले असते तर मी उरलो नसतो. इंजिनामागे हात घालून, डोळे मिटून त्यांनी नट चाचपला. पाना बसला. पत्र्यावर कोपर घासत त्यांनी तो थोडा थोडा फिरवला आणि नट काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो गरम होता.

"धर तिकडनं," ते म्हणाले. "नीट धर. ॲल्युमिनियम असलं तरी जड हाय."

मी माझं टोक धरलं, त्यांनी त्यांचं. आम्ही मॅनिफोल्ड उचलला. गॅस्केट फाटल्याचा आवाज झाला आणि आतून आई ओरडली, "अवो, हललं! हललं!"

आप्पा हसले. ओढली गेलेली वर्षं घरात परतायला लागली आणि ते विरळ होत गेले. मग मॅनिफोल्डचं वजन हळूहळू माझ्या हातांत यायला लागलं, अर्धं, त्याहून जास्त, सगळं. समोरचं टोक मात्र खाली झुकलं नाही.