पुलावरचं दही

कस्तुराबाईच्या दह्याला अकोल्यात मान होता, आणि त्या मानातला अर्धा वाटा पॅसेंजर गाडीचा होता. हे तिला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं. म्हशीचं दूध, मातीचं गाडगं आणि चिमूटभर विरजण, एवढं तर कोणीही करतं. पण लागलेली कवडी न मोडता ते दही गिऱ्हाइकाच्या ओट्यावर नेऊन ठेवणं, हा काही खेळ नाही. एकदा गाडी चुकली म्हणून ती शेलूबाजारवरून जीपनं गेली होती. अकोला येईस्तोवर सगळ्या गाडग्यांत मठ्ठा तयार. वर जीपवालाच म्हणतो, "घुसळणावळ वेगळी देशीन का वो बाई?"

म्हणून वाटेतल्या मोराच्या नाल्यावरचा रेल्वेपूल बदलणार असं कानावर आलं, तेव्हा तिला आधी ती जीपच आठवली. पुलाचे दगडी खांब छोट्या, मीटरगेज लाईनच्या काळातले. त्यांचं वय झालं होतं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण डब्यात बातमी फिरत होती, की काम होईस्तोवर पॅसेंजर बंद. पॅसेंजर म्हणजे घरातली थोरली सून. अडचण आली, की पहिल्यांदा उपाशी राहायचं ते तिनंच.

झालं मात्र वेगळंच. कामावर धम्मदीपा नावाच्या इंजिनियर मॅडम आल्या. अंगानं काटकुळ्या, डोक्यावर हेल्मेट एवढं मोठं, की ते एकटंच चालत येतंय असं वाटावं. त्यांनी ठरवलं, की रूळ तात्पुरत्या लोखंडी गर्डरांवर तोलायचे, गर्डरांखाली लाकडी स्लीपरांच्या चवडी रचायच्या आणि खाली खोदून सिमेंटच्या चौकटी सरकवायच्या. दुखणाईताला न उठवता त्याच्या खालची सतरंजी बदलावी, तसं. वरून गाड्या हळूहळू जात राहतील, एकही रद्द होणार नाही.

हे सगळं हातानं करणारा माणूस मुनाफ मुकादम. वाशिमचा. बाप बैलगाडीची चाकं करायचा, म्हणून की काय, चाकाचा आवाज पोराच्या कानात मुरलेला. पहिल्या दिवशी गाडी गोगलगायीसारखी पुलावर आली, तेव्हा कस्तुराबाई डब्याच्या दारात बसली होती. मांडीशी टोपलं, टोपल्यात चुंबळींवर गाडगी.

"ओ मुकादम! माह्यं दही नका मोडू बरं!"

मुनाफनं दाढीतून हसून वर पाहिलं. "बिनधास्त जाय बाई. माह्या पुलावर तुह्यं दही मोडलं तं मले सांग. मुकादमकी सोडतो!"

गँगवाले खदखदून हसले. त्या दिवसापासून रिवाजच पडला. गाडी पूल ओलांडायची, मुनाफ पलीकडच्या टोकाला उभा असायचा, कस्तुराबाई गाडग्यावरचं फडकं उचलायची आणि ओरडायची, "नाई मोडलं!" मग मुनाफ छातीला हात लावायचा. डब्यातले रोजचे अप-डाउनवाले तेवढ्यापुरते पत्ते खाली ठेवायचे. वाशिमहून अकोल्याला कचेरीत जाणारा हरीओम तर म्हणायचा, "मावशी, रेल्वेनं तुले पगार द्याले पाह्यजे."

मग तो दिवस आला. पॅसेंजरच्या पुढून कोळशाची मालगाडी काढली होती. पॅसेंजर मागून पुलावर चढली आणि मधोमध डबा डावीकडे किंचित खाली गेला. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तेवढंच. कोणाच्या हातातला पत्तासुद्धा पडला नाही. कस्तुराबाईनं फडकं उचललं. सगळ्या गाडग्यांतली कवडी एकाच बाजूनं फाटली होती आणि फटीत हिरवट पाणी उतरलं होतं.

हरीओमनं वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, गप राय."

"अरे पण मोडलं ना!"

"मोडू दे. आता बोंबलली तं उद्यापासून गाडी बंद होईन. मंग बस जीपमंधी घुसळत!"

मागून कोणीतरी म्हणालं, "बरोबर बोलून राह्यला तो. काहून इस्तवाशी खेळतं?"

कस्तुराबाईला कळत होतं. गाडी बंद झाली तर सगळ्यात आधी तिचंच दुकान बसणार होतं. बाकीचे बसनं गेले असते, कंबर चोळत का होईना. दही जाऊ शकत नव्हतं. आणि समोर मुनाफ उभा होता, हात छातीपाशी नेण्याच्या तयारीत. रोज ज्या भरवशानं पाहायचा, तसाच वर पाहत. त्यानं सांग म्हटलं होतं. गमतीत म्हटलं असेल, पण म्हटलं होतं ना.

"मोडलं!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "डाव्या अंगानं मोडलं, मुकादम! मधात!"

मुनाफ हसला नाही. त्याचा हात छातीवर न जाता खिशातल्या शिट्टीकडे गेला, आणि तो लाल झेंडी काढत पुलाकडे पळत सुटला.

अकोल्यात तिनं ते दही कढीचं म्हणून विकलं. संध्याकाळी फलाटावर अप-डाउनवाले तिच्यापासून चार हात लांब उभे होते. "बोलाव आता तुह्या मुकादमाले," एक जण पुटपुटला. ती टोपल्यावर हात ठेवून बसली. लाऊडस्पीकर खरखरला, की गाडी रद्द झाल्याचं सांगतात की काय, म्हणून ती कान द्यायची. पण गाडी आली. उशिरा, पण आली.

मोराच्या नाल्यापाशी गाडी थांबली. कस्तुराबाईनं दारातून पाहिलं. गँग चिखलानं माखली होती. धम्मदीपा मॅडम पालथ्या पडून गर्डरखाली बॅटरीनं बघत होत्या. हेल्मेट कुठे गेलं होतं कोण जाणे. मुनाफ डब्यापाशी आला.

"मालगाडीनं डावी चवड दबली होती, बाई. मी तपासाले जाऊनच राह्यलो होतो. पण तू आधी ओरडली."

"मंग?" हरीओम मागून ओरडला. "आता गाडी बंद काय?"

मॅडम उठल्या, गुडघे झटकले. "बंद कायले? जॅक लावून चवड नवी रचली. एक्सप्रेस थांबवली, मग काढली. मालगाड्या काढल्या. आता तुमचा नंबर." मग कस्तुराबाईकडे पाहून म्हणाल्या, "उद्या दही आणजा."

गाडी माणसाच्या चालीनं निघाली. मुनाफ चाकाच्या बरोबरीनं चालत होता, मान वाकडी करून, कान रुळाकडे. टोपल्यातली रिकामी गाडगी एकमेकांवर वाजायला लागली, तेव्हा हरीओमनं खाली बसून ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. पूल सरेपर्यंत सोडली नाहीत.

पुढे चौकटी बसल्या, गर्डर निघाले, गिट्टी पडली. गँगची आवराआवर चालली होती, तेव्हा कस्तुराबाई सगळ्यात मोठं गाडगं डोक्यावर घेऊन शेतातल्या वाटेनं पुलापाशी गेली. सगळे भोवती बसले. मुनाफनं चमचा हातात घेतला आणि तसाच धरून राहिला.

"मॅडम, तुमी घ्या."

"नाही हो मुकादम, तुमी."

मोडायला कोणाचाच हात धजेना. एवढ्यात शिट्टी झाली आणि मालगाडी नव्या पुलावरून पूर्ण वेगात धडधडत गेली. पायाखालची जमीन थरथरली. गाडीकडे कोणीच पाहिलं नाही. मॅडमसकट सगळी डोकी गाडग्यावर वाकली होती.

शेवटचा डबा गेला. साय जागची हलली नव्हती.

कस्तुराबाईनं सरळ बोट खुपसून कवडी मोडली. "घ्या बाप्पा! मी मोडलं, पुलानं नाई. मुकादमकी राहू द्या अन् खा आता."

मुनाफनं आधी छातीला हात लावला, मग ओंजळ पुढे केली.