शैलाआत्याच्या पेटीचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. एका बाईची पत्र्याची पेटी राखण्यात माझा जन्म गेला. त्या बाईचं काय झालं, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म अलीगडच्या एका कारखान्यातला. तिथं मला ओतलं, कानशीनं घासलं आणि माझ्या पोटात सहा पट्ट्या बसवल्या. त्या सगळ्या पट्ट्या बरोबर हव्या तेवढ्या उचलल्या गेल्या, तरच माझी कडी सुटायची. तिथून मी गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानात आलो. शैला नावाची मुलगी शिकायला जालन्याला निघाली होती. तिच्या वडिलांनी मला हातावर तोलून पाहिलं, दोनदा लावून उघडलं आणि म्हणाले, "हे घे. तुझं सामान तुझंच राहील."

ते दिवस मला फार आवडायचे. वसतिगृहात रोज संध्याकाळी शैला मला उघडायची आणि मैत्रिणींना पेटीतला चिवडा वाटायची. मग तिची आई अंथरुणाला खिळली. शिक्षण अर्ध्यावर टाकून शैला घरी परतली. आईचं केलं, पुढं वडिलांचं केलं. ते दोघे गेल्यावर थोरला भाऊ व्यंकटराव याच्या सिडकोतल्या घरी ती राहायला आली. भावाची बायको लवकर वारली, तेव्हा त्याचा मुलगा देवेश हिनंच वाढवला. लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही. तिनंही आठवण करून दिली नाही. सगळ्या घराची ती आत्या झाली. झोपायला मागच्या खोलीत एक खाट, खाटेखाली पेटी, पेटीवर मी, आणि किल्ली तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. तिचं म्हणावं असं घरात एवढंच होतं.

देवेशचं लग्न झालं आणि स्वयंपाकघर नीरजाच्या हाती गेलं. नीरजा आवाज चढवून कधी बोलली नाही. "आत्या, तुमच्या वयाला हलकं खाल्लेलं बरं," एवढंच ती म्हणायची. मग दोन फुलके वाढून डबा बंद करायची. भाजी उरली तर मिळायची. आत्या सगळ्यांच्या शेवटी जेवायची, त्यामुळं बहुधा उरलेली नसायची.

घरी धुण्याभांड्याला सरूबाई यायची. ती मूळची करमाडकडची, राहायला मुकुंदवाडीत. तिच्या नजरेतून हे सुटलं नाही. एकदा भांडी घासता घासता तिनं हळूच विचारलं, "आत्याबाई, भूक ऱ्हाती का वो?" आत्यानं मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून सरूबाई पदराआड काहीबाही आणू लागली. कधी बिस्किटाचा पुडा, कधी शेंगदाण्याचा लाडू, कधी तिच्या घरची भाकरी. आत्या ते पेटीत ठेवून मला लावायची. दुपारी घर निजलं की मला उघडून, दाराकडं पाठ करून, आवाज न करता खायची. बिस्कीट मोडल्याचा आवाज होऊ नये म्हणून ती ते आधी पाण्यात बुडवायची.

अशात देवेशला एक छंद लागला. तो शेंद्र्याच्या एका कंपनीत इंजिनिअर होता. मोबाईलवर कुणाला तरी तारेनं कुलूप उघडताना पाहून तो वेडा झाला. त्यानं हुकाच्या तारा मागवल्या. पट्ट्या कशा हलतात ते दिसावं म्हणून एक पारदर्शक कुलूप मागवलं. शहागंजच्या जुन्या बाजारातून गंजकी कुलपं पिशवी भरभरून आणली. नीरजाला त्या खडखडाटाचा कंटाळा यायचा, म्हणून तो आत्याच्या खोलीत येऊन बसायचा. एका हातानं ताण द्यायचा, दुसऱ्या हातानं तार सरकवायची आणि पट्टी जागेवर बसल्याची बारीकशी टिचकी बोटांना लागेपर्यंत धीर धरायचा. आत्या शेजारी बसून कौतुकानं बघायची. एखादं उघडलं की लहान मुलासारखी टाळी वाजवायची. दिवसभरात तिच्याजवळ कुणी बसावं, असं फक्त तेव्हाच घडायचं.

एकदा त्याची नजर माझ्याकडं वळली.

"आत्या, हे जुन्या बांधणीचं आहे. एकदा बघू दे ना."

"हे नको, देवू. बाकी काय उघडायचं ते उघड."

"आत काय सोनं ठेवलंयस का?"

"माझं आहे ते. राहू दे." आत्या हसून म्हणाली, पण तिचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडं गेला. देवेशनं विषय सोडला.

पुढं एका रविवारी त्याचे कंपनीतले मित्र जेवायला आले. आत्या सकाळपासून पुऱ्यांच्या मागं होती. बाहेर देवेश कुलपांवर कुलपं उघडून दाखवत होता. एक मित्र म्हणाला, "ही सगळी तुझी रोजच्या सवयीची आहेत यार. न पाहिलेलं एखादं उघड, तर मानू."

देवेश आत आला आणि पेटी उचलून बैठकीत घेऊन गेला. मित्रांनी मोबाईल समोर धरले. थंडगार तार माझ्या पोटात शिरली. एक पट्टी उचलली गेली, दुसरी गेली. मी जीव खाऊन धरून ठेवलं, पण त्याची बोटं खरोखर चांगली तयार झाली होती.

पेटी ओढल्याचा आवाज ऐकून आत्या पिठाच्या हातांनी धावत आली.

"देवू, नको रे. देवू, मी पाया पडते."

"थांब आत्या, शेवटचीच राहिलीय," तो मान वर न करता म्हणाला. आणि माझी कडी सुटली.

झाकण उघडलं. बिस्किटांचे पुडे होते, गुळाचा खडा होता, काळं पडलेलं केळं होतं आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी होती. कुणीतरी फिसकन हसलं. पाठोपाठ सगळे हसले. देवेशही हसला. "आत्या, हा खजिना?"

नीरजाचा चेहरा उतरला. "आम्ही काय उपाशी ठेवतो का यांना?" ती पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

व्यंकटराव उठून उभे राहिले. "शैला, घरात चोरी करतेस? या वयात?"

मोरीतून सरूबाई बाहेर आली. "चोरी नाय साहेब. म्या आनून देत व्हते. त्यास्नी पोटभर मिळत नाय."

आत्यानं पदराला हात पुसले आणि पाहुण्यांना म्हणाली, "पुऱ्या गार होतील. बसा तुम्ही."

सरूबाईचं काम त्याच दिवशी सुटलं. पेटीतलं सगळं नीरजानं दुसऱ्या दिवशी घंटागाडीत टाकलं. मित्रानं घेतलेलं चित्रण ग्रुपवर फिरलं, नातेवाइकांपर्यंत गेलं. पुण्याहून एका चुलतभावानं फोन करून आत्याला विचारलं, "काय गं, खाऊ संपला का?" ती हो म्हणाली.

माझंही नशीब फिरलं. पट्ट्या नीट दिसाव्यात म्हणून देवेशनं मला शिकंज्यात आवळून हॅकसॉच्या करवतीनं कापलं. आता मी पोट उघडं टाकून त्याच्या फळीवर बसलो आहे. येणारे जाणारे बोट घालून बघतात.

देवेश दुष्ट नाही, मित्रांनो. त्या दिवसानंतर तो आत्याच्या खोलीत गेला नाही, कारण त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं. नीरजाशी यावर बोलायचं मात्र त्यानं टाळलं. एका संध्याकाळी आत्या आपण होऊन त्याच्या टेबलापाशी आली.

"एक कुलूप देतोस का रे?"

त्याला हायसं वाटलं. "एकच का? हवं ते घे."

आत्यानं ओळीनं मांडलेली कुलपं पाहिली. "यात तुला न उघडणारं कोणतं आहे?"

देवेशला वाटलं, आत्या पुन्हा पहिल्यासारखं कौतुक करते आहे. तो खुलून म्हणाला, "तसं या घरात एकही राहिलेलं नाही, आत्या."

तिनं मान हलवली आणि रिकाम्या हातानं परत गेली.

आता ती पाहुण्यांसमोर सगळ्यांच्या पंगतीला बसते. नीरजा सर्वांदेखत विचारते, "आत्या, आणखी हवं का?" आत्या म्हणते, "नको, पोट भरलं." तेवढ्यात डब्याचं झाकण लागलेलंही असतं.

मित्रांनो, तार घालून कुलूप उघडायला खुशाल शिका. त्यात मजा आहे, बोटांना धीर येतो. फक्त घरात जे शेवटी जेवतं, त्याला एकदा विचारा, पोट भरलं का. आणि विचारताना वाढायचं भांडं हातात असू द्या.